साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील शेठजी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले जाते. ते खोटे नाही. पण ते वादीला उद्देशून आहे. प्रतिवादीला कोणी विचारीत नाही. एके दिवशी बेलिफ समन्स आणि वादपत्राची प्रत घेऊन दुकानी येतो, गिऱ्हाइकांच्या देखत सही घेतो आणि निघून जातो. पायरी चढावी की चढू नये, हा प्रश्न त्या क्षणी संपलेला असतो. उरतो तो एवढाच, की वर गेल्यावर उभे कसे राहावे.

या सदरात कायद्याच्या कलमांचा विचार पुष्कळदा होतो. आज कलमांपेक्षा मनाचा विचार अधिक करावयाचा आहे. दिवाणी दाव्यात प्रामाणिक व्यापाऱ्याचे नुकसान खोट्या साक्षीने होते तितकेच, किंबहुना अधिक, त्याच्या स्वतःच्या पक्क्या खात्रीने होते, असे माझे मत आहे.

समन्स हाती पडताच व्यापाऱ्याच्या मनात प्रथम रक्कम येत नाही, अब्रू येते. बाजारात पत हेच भांडवल. आणि वादपत्रात तर स्वच्छ लिहिलेले असते की प्रतिवादीने पैसे बुडविण्याच्या हेतूने टाळाटाळ केली. मग वकिलासमोर बसताच पहिले वाक्य निघते, “साहेब, सगळे खोटे आहे. सगळे नाकारा.” हा संताप समजण्याजोगा आहे, पण कैफियत संतापाने लिहिता येत नाही. वादपत्रातील प्रत्येक विधानाला स्पष्ट उत्तर द्यावे लागते. जे स्पष्टपणे नाकारले नाही ते मान्य आहे असे न्यायालय धरू शकते, आणि मोघम नकार हा नकार ठरत नाही. याची धास्ती घेऊन काही जण खरेही नाकारतात. माल पोहोचल्याच्या बिल्टीवर आपल्याच वखारीतील माणसाची सही असते, आणि कैफियतीत छापलेले असते की माल मिळालाच नाही. उलटतपासातील पहिली दहा मिनिटे तेवढ्यावर खर्च होतात. त्यानंतर मालाच्या प्रतीविषयी साक्षीदार कितीही खरे बोलला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात तो आधीच उतरलेला असतो.

मुदतीचेही भान हवे. व्यापारी स्वरूपाचा, तीन लाख रुपये वा त्याहून अधिक रकमेचा दावा आज वाणिज्यिक दावा म्हणून चालतो. त्यात कैफियत तीस दिवसांत द्यावयाची असते. न्यायालयाने मुदत वाढविली तरी समन्स मिळाल्यापासून एकशे वीस दिवसांपुढे ती जात नाही. नंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो. ‘बघू, दिवाळीनंतर वकिलाकडे जाऊ’ असे म्हणणाऱ्या पेढ्या या नियमात सापडल्या आहेत.

पक्षकाराच्या खात्रीविषयी अमेरिकेत १९९० च्या दशकात जॉर्ज लोवेनस्टाइन, लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोगमालिका केली. टेक्सासमधील एका खऱ्या मोटारसायकल अपघाताच्या दाव्याचे कागद त्यांनी लोकांना वाचावयास दिले. मागणी एक लाख डॉलरची होती. निम्म्यांना वादीची भूमिका दिली, निम्म्यांना प्रतिवादीची, आणि विचारले, न्यायाधीश किती भरपाई देतील? कागद तेच, ओळन्‌ओळ तीच. तरीही वादी झालेल्यांचा अंदाज प्रतिवादी झालेल्यांपेक्षा सुमारे साडेचौदा हजार डॉलरनी अधिक निघाला. अंदाज बरोबर आल्यास बक्षीस होते, म्हणजे मुद्दाम फुगवून सांगण्यात कोणाचाच लाभ नव्हता. ज्यांना कागद वाचून झाल्यावर भूमिका कळविली, त्यांच्यात मात्र ही तफावत बरीच कमी झाली. म्हणजे बाजू आधी ठरली की वाचणारे डोळेच बाजू घेतात. पुढील एका प्रयोगात तडजोडीच्या बोलण्यापूर्वी प्रत्येकाला स्वतःच्या बाजूचे कच्चे दुवे लिहून काढावयास सांगितले. तेव्हाही अंतर घटले.

हा उपाय आपल्याकडे फुकट उपलब्ध आहे आणि कोणी करीत नाही. वकिलाची पहिली भेट झाल्यावर घरी बसून, वादीचा वकील आपल्याला काय काय विचारील, हे स्वतःच्या हाताने लिहावे. त्यात एकही प्रश्न अडचणीचा वाटला नाही, तर यादी पुन्हा लिहावी.

आता एक उदाहरण घेऊ. कल्पित आहे, पण बाजारातील कोणालाही परके वाटणार नाही. लातूरची एक दालमिल आहे. तिने कलबुर्गीच्या अडत्याकडून सहाशे क्विंटल तूर घेतली. मालात ओल निघाली. शेठजींनी फोन केला, क्विंटलमागे सातशे रुपये कसर धरून चार लाख वीस हजार रुपये राखून ठेवले आणि बाकीचे पैसे चुकते केले. मुदत संपत आली तेव्हा, जवळजवळ तीन वर्षांनी, अडत्याने दावा लावला. कागद स्वच्छ आहेत. वाद आहे तो त्या एका फोनचा. शेठजींना पक्के आठवते की अडत्या म्हणाला, “सातशे कमी धरा.” अडत्या म्हणतो, असे मी बोललोच नाही.

दोघांपैकी एक खोटे बोलतो, असे आपण लगेच मानतो. तिसरी शक्यता अधिक संभवनीय आहे. अडत्या त्या दिवशी म्हणाला असेल, “सांभाळून घेऊ.” बाजाराच्या भाषेत या दोन शब्दांत पुष्कळ काही मावते. शेठजींनी संध्याकाळी मुनीमजींना सांगितले, “ते कमी करायला तयार आहेत.” मुनीमजींनी सातशेने हिशोब केला. आठवड्याने मुलाला सांगताना वाक्य झाले, “सातशेला कबूल झाले.” तीन वर्षांत हे वाक्य चाळीस वेळा उच्चारले गेले, आणि प्रत्येक वेळी मूळ फोन थोडा मागे गेला. आज शेठजी शपथेवर जे सांगतात, ते त्यांच्या दृष्टीने सत्यच असते. त्यांना ‘सांभाळून घेऊ’ आता ऐकूच येत नाही.

स्मृतीच्या या स्वभावावर एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताची चित्रफीत दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातील क्रियापद तेवढे बदलले. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ असे विचारले की वेग कमी सांगितला गेला. ‘एकमेकींवर आदळून चुराडा झाल्या तेव्हा’ असे विचारले की अधिक. दुसऱ्या एका गटाला आठवड्याने विचारले, फुटलेली काच पाहिली का? चित्रफितीत काच नव्हतीच. तरीही ज्यांना ‘चुराडा’ हा शब्द वापरून विचारले होते, त्या पन्नासांपैकी सोळा जणांनी ती पाहिली होती. सौम्य शब्द वापरलेल्या पन्नासांपैकी सातच जणांनी.

वकिलाच्या कचेरीत हेच घडते, आणि कोणाचा वाईट हेतू नसताना घडते. “त्यांनी भाव किती कमी करायचे कबूल केले?” हा प्रश्न आणि “फोनवर काय बोलणे झाले, ते सांगा,” हा प्रश्न यांत सबंध दाव्याचे अंतर आहे. पहिल्या प्रश्नात कबुली गृहीत आहे. शेठजींनी फक्त आकडा भरावयाचा. दुसऱ्या प्रश्नाला कदाचित ‘सांभाळून घेऊ’ हे उत्तर आले असते, आणि चांगल्या वकिलाने त्यावरही बचाव उभा केला असता. ओल्या मालाची छायाचित्रे, त्याच दिवशीची डेबिट नोट, राहिलेली रक्कम घेताना अडत्याने तेव्हा हरकत न घेणे, एवढ्यावर बाजू उभी राहू शकते. ‘सातशे कमी धरा’ या पाठ केलेल्या वाक्यावर ती उभी केली, की उलटतपासात ते एक वाक्य हलताच सगळेच हलते.

लंडनच्या वाणिज्यिक न्यायालयात २०१३ मध्ये ‘गेस्टमिन विरुद्ध क्रेडिट स्विस’ या दाव्याचा निकाल देताना न्यायमूर्ती लेगॅट यांनी या विषयाचा मोकळेपणाने विचार केला. आठवण जितकी ठसठशीत आणि सांगणारा जितका निःशंक, तितकी ती खरी, ही आपली समजूत त्यांनी चुकीची ठरविली. साक्षीदाराला कोणत्या तरी बाजूचे हित असते. निवेदन घटनेनंतर फार काळाने, वकिलाच्या हातून, अनेक मसुद्यांतून तयार होते. साक्षीपूर्वी तो ते पुन्हा पुन्हा वाचतो. आणि मग त्याला घटना आठवते की निवेदन आठवते, हे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून व्यापारी वादात निष्कर्ष मुख्यतः त्या काळच्या कागदपत्रांवर आणि निर्विवाद गोष्टींवर काढावेत, असा त्यांचा कल होता. २०२१ पासून इंग्लंडच्या व्यापारविषयक न्यायालयांत साक्षीदाराचे निवेदन शक्य तितके त्याच्याच शब्दांत घ्यावे आणि त्याला कोणते कागद दाखविले त्यांची यादी जोडावी, असा नियम झाला. आपल्याकडे असा नियम नाही. २००२ पासून सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो. त्याने वेळ वाचला, पण साक्षीदाराचे बोल वकिलाच्या टंकलेखकाच्या स्वाधीन झाले. मुनीमजी, मुलगा आणि वखारीचा माणूस अशा तिघांच्या प्रतिज्ञापत्रांत एकच लांबलचक वाक्य, त्याच स्वल्पविरामांसह, आढळते. समोरचा वकील दुसरे काही विचारीत नाही. तेवढी तीन पाने न्यायाधीशांपुढे शेजारी शेजारी ठेवतो.

तेव्हा तयारी कशी करावी? माझ्या मते, प्रथम एकट्याने. घरच्या बैठकीत, जेवणानंतर, चौघांनी मिळून ‘तेव्हा काय झाले होते’ याची उजळणी करण्याची आपली रीत फार घातक आहे. त्या बैठकीतून चार आठवणी बाहेर पडत नाहीत, एकच पडते. आणि ती बहुधा घरातील ज्येष्ठाची असते, कारण त्यांच्यापुढे “नाही काकाजी, मला वेगळे आठवते,” असे कोण म्हणणार? मुनीमजींनी आपली हकिकत वेगळी लिहावी, मुलाने वेगळी. लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : मी पाहिले-ऐकले ते, मी अनुमान केले ते, आणि आज वही वाचून सांगतो ते. तिन्ही सांगण्यासारख्या असतात, पण एकमेकींच्या जागी नव्हे. मग वह्या काढाव्यात आणि कोठे मेळ बसत नाही ते वकिलाला आधीच सांगावे. वकिलापासून लपविलेली नोंद न्यायालयात प्रथम समोर येणे, याहून वाईट काही नाही.

वह्यांचा कायदा व्यापाऱ्याला मनाने आधीच ठाऊक असतो. नित्य व्यवहारात नियमाने लिहिलेल्या हिशोबाच्या वहीतील नोंद पुराव्यात येते; मात्र केवळ त्या नोंदीवर कोणाला देणेकरी ठरविता येत नाही. जुन्या पुरावा अधिनियमाचे हे कलम ३४ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २८ आहे. अडत्याची खतावणी एकटी आपल्याला बुडवू शकत नाही, तशी आपली खतावणी एकटी आपल्याला तारू शकत नाही. सुट्या चिठ्ठ्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. गाजलेल्या हवाला डायऱ्यांच्या प्रकरणात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटे कागद म्हणजे ‘वही’ नव्हे, असे ठरविले. ज्या घरांत कच्च्या चिठ्ठ्यांवर व्यवहार राहतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. साक्ष देताना व्यवहाराच्याच वेळी स्वतः केलेली नोंद पाहून स्मृती ताजी करण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे; ती नोंद समोरच्या पक्षाला दाखवावी लागते, एवढेच. मोबाइलमधील छायाचित्रे आणि संदेश यांना कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. आणि जुन्या वह्या महाजनी लिपीत असतील, तर ती वाचू शकणारा माणूस घरात अजून आहे तोवर त्या वाचून घ्याव्यात.

याच टप्प्यावर मोह उभा राहतो. डेबिट नोट त्या वेळी केली नव्हती. आता केली तर? तारीख मागची टाकली तर? संगणकातील हिशोबात नोंद प्रत्यक्षात कधी झाली याचा माग राहतो, हा झाला व्यवहाराचा मुद्दा. न्यायालयीन कामकाजात खोटा पुरावा देण्यास किंवा तयार करण्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे, हा कायद्याचा. आपल्या घरांत तिसरेही एक परिमाण आहे. श्रावकाच्या सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत मिथ्योपदेश, कूटलेखक्रिया आणि न्यासापहार ही नावे आहेत : खोटे शिकविणे, खोटा लेख करणे, ठेव गिळंकृत करणे. ज्यांनी ही यादी केली त्यांना पेढीवर काय चालते हे नेमके माहीत होते, असे ती वाचताना वाटत राहते.

साक्षीदाराला तयार करणे आणि पढविणे यांतील सीमा देशोदेशी निरनिराळी आखली जाते. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरने साक्षीदाराकडून साक्षीची तालीम करून घेण्यास व्यवसायाच्या नियमांनीच बंदी आहे. अमेरिकेत वकील साक्षीदाराला समोर बसवून खोटा उलटतपास घेतात आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. मला वाटते, न्यायालयाची खोली आधी दाखविणे, कोण कोठे बसते ते सांगणे, प्रश्न ऐकून मग उत्तर द्यावयाची सवय लावणे, एवढे करावेच. उत्तर काय द्यावयाचे हे सांगू नये.

पिंजऱ्यात कोणी उभे राहावे, यावर घरात बहुधा भांडण होते. व्यवहार वडिलांनी केलेला असतो, पण “या वयात बाबांना कोर्टात उभे करायचे का? मी देतो ना साक्ष,” असे मुलगा म्हणतो. त्यामागील माया खरी आहे, पण महाग पडते. १९९९ मध्ये ‘विद्याधर विरुद्ध माणिकराव’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जो पक्षकार स्वतः पिंजऱ्यात येऊन आपली बाजू शपथेवर मांडीत नाही आणि उलटतपासाला सामोरा जात नाही, त्याची बाजू खरी नाही असे अनुमान निघू शकते. २००४ मध्ये इंडसइंड बँकेच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की कुलमुखत्याराने स्वतः केलेल्या कृतीविषयी साक्ष द्यावी. जे केवळ मालकाला ठाऊक आहे ते मालकाच्या वतीने सांगता येणार नाही. फोन बाबांनी केला असेल, तर फोनविषयी बाबांनाच बोलावे लागते. मुलगा फार तर वखारीत माल पाहिल्याचे सांगेल.

बाबांना भीती असते ती हात थरथरण्याची, आवाज अडखळण्याची. त्यांना एक गोष्ट जरूर सांगावी. चेहरा आणि हावभाव पाहून खरे-खोटे ओळखण्याच्या माणसाच्या शक्तीवरील शेकडो प्रयोग चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ मध्ये एकत्र तपासले. सरासरी यश शेकडा चौपन्न निघाले. नाणे उडवूनही शेकडा पन्नास मिळते. अनुभवी न्यायाधीश थरथरणाऱ्या हातापेक्षा बिल्टीकडे अधिक पाहतात.

खरी अडचण हाताची नसून सवयीची असते. जे गुण माणसाला उत्तम व्यापारी बनवितात, तेच पिंजऱ्यात त्याला अडचणीत आणतात. दुकानात गिऱ्हाईक गप्प बसले की आपण बोलतो. शांतता म्हणजे सौदा निसटणे. समोरचा वकील हे जाणतो. तो उत्तर ऐकून दोन क्षण नुसता पाहत राहतो, आणि शेठजी न विचारलेली माहिती देऊ लागतात. दुकानात ‘माहीत नाही’ म्हटले की पत जाते. म्हणून पिंजऱ्यातही शेठजी ठाऊक नसलेल्या ट्रकचा नंबर अंदाजाने सांगतात. ‘आठवत नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत फरक आहे, आणि दोन्ही उत्तरे खरी असतील तेव्हा सन्मानाची आहेत. मात्र अडचणीच्या प्रत्येक प्रश्नाला ‘आठवत नाही’ आणि सोयीच्या प्रत्येक प्रश्नाला तारीखवार उत्तर, हा नमुना कोणाच्याही लक्षात येतो. दुकानात आपण अर्ध्या वाक्यावरून मागणी ओळखतो. पिंजऱ्यात प्रश्न पूर्ण होऊ द्यावा लागतो. कागद दाखविला तर तो वाचल्याशिवाय त्याविषयी बोलू नये, मग कितीही वेळ लागो.

काही प्रश्न राग आणण्यासाठीच असतात. “पैसे द्यायचे नव्हते म्हणून तुम्ही ओल्या मालाची कथा रचली, असे माझे म्हणणे आहे.” हे सुचविणे वकिलाचे कामच आहे, त्याने ते केले नाही तर तो आपल्या पक्षकाराशी बेइमान ठरेल. याला उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. आजोबांच्या काळापासूनची पेढीची अब्रू तेथे सांगू नये. दुसरा प्रकार सौम्य सुराचा. “इतकी वर्षे धंदा करता; पावसाळी हवेत आलेला माल उतरवतानाच तपासायला हवा होता, हे तुम्हाला कळत नव्हते?” बारुख फिशहॉफ यांनी १९७५ च्या एका प्रयोगात लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकिकत दिली, निरनिराळ्या गटांना निरनिराळे शेवट सांगितले. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून अटळ वाटला. ओल निघाली हे कळल्यावर ती दिसायलाच हवी होती, असे सगळ्यांना वाटते, खुद्द शेठजींनाही. म्हणून उत्तर आजच्या ज्ञानातून न देता त्या सकाळच्या ज्ञानातून द्यावे : किती पोती फोडून पाहिली, वरच्या थरात काय दिसले, ओल केव्हा आणि कोणाला दिसली.

शेवटी भाषेची एक अडचण आहे, ती आपल्या न्यायालयांत नेहमीची. प्रश्नोत्तर जसे होते तसे बहुधा लिहिले जात नाही; दोन्ही मिळून एक वाक्य होते, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी वादीस माल ओला असल्याचे कळविले नाही.’ नकारावर नकार. कानांनी ऐकताना भल्याभल्यांचा गोंधळ होतो, मग घरी मारवाडी वा गुजराती बोलणाऱ्या ज्येष्ठांचे काय? साक्ष वाचून दाखवितात, तेव्हा घाई करू नये. टंकित प्रत हाती येते. कोर्टातील लोक पुढच्या कामाकडे वळलेले असतात. वकीलही घड्याळ पाहत असतात. त्या प्रतीत ‘सांभाळून घेऊ’च्या जागी ‘कमी करून देऊ’ असे उतरले असेल, तर ते आपल्या फायद्याचे असले तरी सही करण्यापूर्वी तेथेच, मोठ्याने, न्यायाधीशांना सांगावे.